डेकखाली उत्तमराव

माझ्या भावाने शिडाची होडी घेतली तेव्हा घरात कोणालाच पोहता येत नव्हतं. त्यालाही नाही. आईने हे लक्षात आणून दिलं तर तो म्हणाला, "ज्याला पोहता येतं त्याला होडी कशाला लागते?" या वाक्यात चूक नेमकी कुठे आहे ते आम्हाला सापडलं नाही, आणि होडी आली.

म्हणजे घरी नाही आली. हुसेनसागरच्या काठावर एक छोटा क्लब आहे, तिथे अमरदीप दर रविवारी शीड ओढायला शिकत होता. क्लबने जुन्या होड्या काढून टाकल्या तेव्हा त्यातली कोणीच नेईना अशी एक याने घेतली. फायबरची, चौदा फुटी, पोटाला ठिगळं, आणि तिचा मूळ रंग कोणता यावर क्लबमध्ये दोन मतं होती. अमरदीप हायटेक सिटीत एका कंपनीत लोकांचे विसरलेले पासवर्ड परत मिळवून द्यायचं काम करतो. दिवसभर लोक त्याच्याशी वैतागून बोलतात. त्यामुळे जी वस्तू बोलत नाही तिच्याबद्दल त्याला फार माया.

मी रोशनी, त्याची धाकटी बहीण. मी डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासते. भिंतीवरची बारीक अक्षरं लोकांकडून वाचून घेणं हा माझा रोजगार आहे. ही माहिती माझ्या विरोधात वापरली जाणार आहे, पण असो.

अमरदीपचा गुरू म्हणजे मोबाइलवरचा एक म्हातारा. कुठल्यातरी थंड देशात, स्वेटर घालून, स्वतःच्या शेडमध्ये उभा राहून तो छोट्या होड्यांना घरच्या घरी काय काय बसवता येतं ते दाखवतो. त्याचं तत्त्व एकच, बाहेरून आणायच्या आधी घरात बघा. त्याच्या घरात बघितलं की पितळी स्क्रू आणि सागवानी पट्ट्या निघायच्या. आमच्याकडे माळा होता.

माळ्यावरून पहिल्यांदा उतरली ती बाबांच्या जुन्या पलंगाची नवार. वारा जोरात असला की होडी एका अंगाला कलते. मग आपण दुसऱ्या काठावर बसून अंग बाहेर झोकून द्यायचं असतं, आणि तेव्हा पाय अडकवायला होडीच्या तळाशी पट्टे लागतात. नवार दुहेरी करून तिचे पट्टे झाले. शिवून दिले आईनेच, कशासाठी ते न विचारता. नंतर एकदा ती तलावावर आली आणि आपला मुलगा नवऱ्याच्या पलंगाला पाय अडकवून पाण्यावर उताणा लोंबतोय हे तिने पाहिलं. घरी येऊन ती थोडा वेळ पडून राहिली.

काठावर बसलं की सुकाणूच्या दांड्यापर्यंत हात पोचायचा नाही. म्हणून त्या दांड्याला फरशी पुसायच्या मॉपचा दांडा जोडला, सांध्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे तो हवा तसा वळतो. डेकला गोल भोक पाडून त्यात लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी गळ्यापर्यंत चिकटवली. झाकण फिरवून उघडायचं, आत मोबाइल आणि किल्ल्या ठेवायच्या, पाण्याचा थेंब जात नाही. माझ्या फोनवर आलेला प्रत्येक कॉल तेव्हापासून मला कैरीच्या वासात ऐकावा लागतो. डोलकाठीच्या शेंड्याला तेलाचा रिकामा कॅन बांधला. होडी आडवी पडली तर कॅन तरंगतो आणि ती पूर्ण पालथी होत नाही. शिडाला दोन्हीकडून लोकरीचे धागे चिकटवले, ते कसे उडतात त्यावरून वारा कळतो. लोकर आईच्या अर्धवट राहिलेल्या स्वेटरची. हैदराबादेत स्वेटर अर्धवटच राहतो.

खरं सांगायचं तर हे सगळं नीट चाललं. क्लबातले लोक येऊन बघून जायचे. त्यांच्या होड्यांना परदेशी सामान होतं आणि ते तुटलं की महिनोन्महिने वाट बघावी लागायची. आमचं तुटलं की दुसरा मॉप.

अडलं ते क्लीटवर. क्लीट म्हणजे डेकवर बसवलेले दोन दातेरी जबडे. शिडाची दोरी त्यात दाबली की धरून ठेवतात, वर झटका दिला की सोडतात. अमरदीपने दोन्ही बाजूंना हौसेने बसवले. वाऱ्याच्या पहिल्याच जोरदार झोताला उजवीकडचा क्लीट स्क्रूंसकट उखडला आणि माझ्या कानाजवळून निघून गेला. तो अजून तलावात आहे.

म्हाताऱ्याचा व्हिडिओ पुन्हा लावला. म्हातारा म्हणत होता, डेक पातळ असतो, नुसत्या स्क्रूने भागत नाही. डेकच्या खालून धातूची पट्टी लावायची आणि आरपार नट-बोल्ट घालायचे, म्हणजे ओढ सगळ्या पट्टीवर वाटली जाते. पट्टी स्टीलची हवी, न गंजणारी.

मराठी घरात न गंजणारं स्टील शोधायला फार लांब जावं लागत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, माळ्यावर पोत्यात जुनी भांडी आहेत, मोडीत द्यायचीच आहेत, घ्या. माळ्यावर दोन पोती होती. अमरदीपने हाताशी आलं ते ओढलं, मी खाली स्टूल धरून उभी होते. आतून ताटं निघाली. सगळी एकसारखी, उभ्या काठाची, हाताला जड. मोडीत निघालेली भांडी एकसारखी आणि चकचकीत कशी, हा प्रश्न तिथे हजर असलेल्या दोन पदवीधरांपैकी एकालाही पडला नाही.

गच्चीवर भाड्याचा ग्राइंडर आणला. मी ताट धरलं, त्याने कापलं. एक पट्टी पातळ पडते म्हणून दोन-दोन एकावर एक घेतल्या. म्हाताऱ्याने क्लीटपुरतंच सांगितलं होतं, पण अमरदीपच्या हाताला चव लागली. नवारीच्या बोल्टखाली लावल्या, सुकाणूच्या बिजागरीमागे लावल्या, जिथे काहीच ओढ नव्हती तिथेही पुढेमागे येईल म्हणून लावल्या. पोतं रिकामं झालं. ताटांच्या पाठीवर टिंबाटिंबांनी काहीतरी कोरलेलं होतं. ते आमच्याकडे सगळ्याच भांड्यांवर असतं. अमरदीप म्हणाला, खरखरीत बाजू खाली राहू दे, वर डेकला सपाट बाजू नीट बसेल. मी हो म्हटलं. आमच्या पिढीला मराठी अक्षरं दिसतात. वाचायची असतात हे कोणीतरी सांगावं लागतं.

मग एके दिवशी जेवताना आई म्हणाली की बुद्धविहारातल्या कपाटाचं रंगकाम संपलं, तर तोवर आपल्या माळ्यावर आणून ठेवलेली पार्वतीकाकूंची ताटं आता नेऊन द्यायला हवीत.

पार्वतीकाकू जामबागला राहतात. आमच्यासारखंच त्यांचं मूळ गाव नांदेडकडचं. त्यांचे यजमान उत्तमराव रेल्वेच्या स्टोअरात होते. त्यांना आयुष्यात एकाच गोष्टीचा राग यायचा, थर्माकोलच्या प्लेटीचा. एका लग्नात अशा प्लेटीत वाढलेलं बघून ते पंगतीतून उठले होते, आणि मुलीकडचे लोक हुंड्यावरून काही बिनसलं असं समजून त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत धावले होते. ते गेले तेव्हा काकूंनी पुण्यानुमोदनाच्या विधीला विहारात ताटं दिली. प्रत्येक ताटाच्या पाठीवर कोरून घेतलं, कालकथित उत्तमराव यांच्या स्मरणार्थ, पार्वतीबाईंकडून. दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनाला सगळ्यांना त्याच ताटांतून खीर-पुरी वाढतात. तो दिवस पुढच्या महिन्यात होता.

अमरदीपचा घास तोंडापर्यंत जाऊन परत आला. मी माझ्या ताटाखाली हात घातला. टिंबं बोटांना लागली. बघितलं तर कोणा भाग्यलक्ष्मीचं नाव होतं. म्हणजे शेजारच्या आंटीचंही एक ताट आम्ही दाबून बसलो होतो.

दुसरं पोतं उतरवलं. त्यात बुडाला पोचे आलेली पातेली, झाकणं नसलेले डबे आणि मिक्सरचं एक भांडं होतं. अमरदीप म्हणाला की रविवारी अफझलगंजला जाऊन तशीच ताटं आणू, तशीच अक्षरं कोरून घेऊ, आणि मग काकूंना सांगू. मी म्हटलं, आधी सांगू. तो म्हणाला, रिकाम्या हाताने कसं सांगणार. मी म्हटलं, कापताना तर हात भरलेले होते. यावर आम्ही दोघं दोन दिवस बोललो नाही, आणि तेवढ्यात रविवार आला.

रविवारी आईने विहारातली निम्मी मंडळी होडी बघायला बोलावून ठेवली होती. कौतुक होतं तिला. पार्वतीकाकू आल्या, पद्मावतीवहिनी मुलांना घेऊन आल्या, आणि विहाराचे सचिव अंबाजीकाका आले. अंबाजीकाकांना वाचनाचा नाद आहे. ते रस्त्याने जातानाही दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचतात, कोणी बरोबर असो वा नसो. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली, मॉपचा दांडा हलवून बघितला, आणि काम पक्कं आहे का ते तपासायला मोबाइलचा टॉर्च लावून डेकखाली डोकं घातलं.

"उत्तमराव," आतून आवाज आला.

"यांच्या स्मर," आवाज म्हणाला. मग काका कमरेपर्यंत आत गेले. पिंपात तोंड घालून बोलावं तसं ऐकू येत होतं. "कालक. इथे थित उत्त. पार्वतीबाईं. पुन्हा पार्वतीबाईं. अहो, हे आपले उत्तमराव आहेत. सगळीकडे आपले उत्तमरावच आहेत."

ते बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. ते काकूंना म्हणाले की या पोरांनी पूर्ण होडी उत्तमरावांच्या नावाने बांधली आहे, आणि दिखाऊपणा नको म्हणून नाव खाली लपवलं आहे.

काकू पुढे आल्या. त्यांनी अमरदीपला विचारलं, "हे तू केलंस?"

"हो," अमरदीप म्हणाला.

इतकं खरं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "जल्मभर त्या स्टोअरात बसून राहिला माणूस," त्या म्हणाल्या. "रेल्वेचा पास असून कुठं गेला नाही. आता फिरंल."

मी आईकडे बघितलं. आई डेकखाली बघत होती. तिथे एका पट्टीला ताटाचा वळलेला काठ तसाच राहिला होता. तिने माझ्याकडे बघितलं, मग डबा उघडला आणि सगळ्यांना पोहे वाढायला लागली. घरी आल्यावर तिने एवढंच सांगितलं की उत्तमरावांच्या दिवसाच्या आत, ताटं मागायची वेळ यायच्या आधी, काकूंना तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. नाहीतर त्या दिवशी विहारात सगळ्यांसमोर कळेल, आणि ते त्या बाईच्या वाट्याला यायला नको.

आम्हाला हे पूर्ण पटलं. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही विहारात गेलो, आणि आमचा सत्कार झाला.

वंदना झाल्यावर अंबाजीकाकांनी माईक हातात घेतला. आजची तरुण पिढी मोबाइलमध्ये असते असं सुरू करून ते होडीपर्यंत आले. अमरदीपला शाल घातली, मला गुलाबाचं फूल दिलं. टाळ्या वाजल्या. अमरदीपला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माईकसमोर उभा राहिला, काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आणि तो म्हणाला, "माझी लायकी नाही." ही नम्रता समजून लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. शाल खाऊन टाकता आली असती तर त्याने तिथेच खाल्ली असती.

फोटो ग्रुपवर गेला. मग लोक यायला लागले. पद्मावतीवहिनींनी सासूबाईंचा तांब्या आणला आणि विचारलं की यांचंही नाव कुठे बसेल का. नांदेडहून कोणीतरी बसने एक डबा पाठवला, आजोबांच्या नावाचा. शेजारच्या भाग्यलक्ष्मी आंटी वडिलांची पळी घेऊन आल्या. तिच्यावर नाव तेलुगूत होतं, तर होडीला तेलुगू चालेल का, असं त्यांनी संकोचून विचारलं. अमरदीपने कोणालाच नाही म्हटलं नाही. ज्याने एक नाव ग्राइंडरने कापलंय त्याला दुसरं परत पाठवायचं तोंड नव्हतं. त्याने सगळं नीट बसवलं. तांब्या दोरीला बांधला, आत आलेलं पाणी उपसायला. डब्यात पाना-पक्कड आणि स्क्रू ठेवले. पळी वाकवून दोरखंड अडकवायचा आकडा केला. मग एक परात आली. मग कोणाच्या तरी मामांची इस्त्री आली. ती न गंजणारी नव्हती, पण मामा चांगले होते.

होडी पाण्यात खोल बसायला लागली. क्लबातला एक जण म्हणाला, "क्या मियाँ, दावत है क्या?" रविवारच्या शर्यतीत आम्ही शेवटचे आलो. आमच्या आधी एक होडी आली ती शर्यतीत नव्हतीच.

या सगळ्यात सांगायचं राहिलं नव्हतं. आम्ही रोज एकमेकांना सांगत होतो, फक्त काकूंना नाही. अमरदीप एकदा मुद्दाम जामबागला गेला. काकूंनी त्याला चहा दिला, मग आजूबाजूच्या चार घरांत नेऊन, हाच तो होडीवाला पोरगा, असं दाखवलं. तो चिवड्याचा डबा घेऊन परत आला. मग मी गेले. मी त्यांच्यासमोर बसले, तोंड उघडलं, आणि त्यांच्या चष्म्याचा नंबर तपासून आले. उजवा वाढला होता. अफझलगंजला तशी ताटं मिळाली नाहीत. उभ्या काठाची आता कोणी ठेवत नाही, दुकानदार म्हणाला, सब फॅन्सी चलता. त्याने आम्हाला फुलांच्या नक्षीची दाखवली. आम्ही फुलांची घेतली नाहीत, निदान तेवढी लाज आमच्यात होती.

आणि मग काकूंचा फोन आला. उत्तमरावांच्या दिवसाच्या आत त्यांना एकदा होडीत बसायचं होतं.

त्या पांढरी साडी नेसून आल्या होत्या. त्यावर क्लबचं भगभगीत नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं, त्याचे पट्टे मी आवळले. चपला त्यांनी काढून मांडीवर घेतल्या, कारण कोणाच्या नावावर चपलेचा पाय पडायला नको. त्या मधल्या फळीवर बसल्या. अमरदीप सुकाणूला होता, मी पुढच्या शिडाच्या दोरीला. वारा चांगला होता. इतकी भांडी घेऊनही होडी पळायला लागली. काकूंचा पदर उडत होता आणि त्या हसत होत्या, आवाज न करता, लहान मुली वर्गात हसतात तशा.

तलावाच्या मधोमध असलेल्या बुद्धांच्या पुतळ्याला वळसा घालू, असं अमरदीपने ठरवलं होतं. आम्ही पुतळ्याच्या मागच्या अंगाला आलो. काकूंनी हात जोडले. आणि वारा गेला. एवढा मोठा पुतळा, त्याखाली एवढा मोठा चौथरा, त्यांच्या आडोशाला वारा येतच नव्हता. लोकरीचे धागे शिडावर चिकटून खाली लोंबले. वल्हं नव्हतं. वजन वाढलं म्हणून अमरदीपने वल्हं आदल्या आठवड्यात काढून ठेवलं होतं, इस्त्री नाही काढली.

पर्यटकांच्या मोटरलाँच पुतळ्याकडे जात होत्या. त्यांतले लोक आमच्याकडे बघून हात हलवत होते. एक जण आमच्या डोलकाठीवरच्या तेलाच्या कॅनबरोबर सेल्फी घेत होता. काकूही हात हलवत होत्या. मग त्यांनी सहज डेकखाली हात घातला आणि बोटांनी चाचपून बघितलं.

"किती झ्याक कोरलंय," त्या म्हणाल्या. "माझ्या ताटांसारखंच. कुठं करून घेतलं?"

अमरदीपने सुकाणू सोडलं. तसंही त्याचा काही उपयोग नव्हता.

"काकू, ती ताटंच आहेत."

"कोणाची?"

"तुमची. विहारातली. आमच्या माळ्यावर होती. मी न बघता कापली."

काकूंचा हात डेकखालीच होता.

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी हात हळूच बाहेर काढला आणि मांडीवर चपलांवर ठेवला.

"मी धरली होती," मी म्हटलं. "त्याने कापली, पण धरली मी."

त्यांनी पुतळ्याच्या पाठीकडे बघितलं. मग विचारलं, "कशानं कापली?"

"ग्राइंडरने."

"आवाज झाला असंल."

"झाला."

"अन् कोणी वर बघाया आलं नाही."

एक लाँच गेली, तिच्या लाटांनी होडी हलली, आणि आतली सगळी भांडी एकमेकांवर वाजली.

"मी नांदेडला फोन केला," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "भावाला सांगितलं. भाच्याला सांगितलं. माझी धाकटी जाऊ, तिच्याशी मी बोलत नाही, ह्यांच्या मातीलासुदिक आली नव्हती ती. तिला फोन लावून सांगितलं, की माझ्या माणसाच्या नावाची होडी हाय म्हणून. ती म्हणली, नशीब काढलंस." त्यांनी मांडीवरच्या चपला सरळ केल्या. "आता तिला काय सांगू?"

अमरदीपचा चेहरा मी आजवर बऱ्याच वेळा पडलेला बघितला आहे, पण त्याला बसायला जागा सापडत नाही असं पहिल्यांदाच बघितलं. होडी केवढीशी, तो कुठेही सरकला तरी बुडाखाली कोणाचं ना कोणाचं नाव होतं. तो म्हणाला की नवी ताटं आणू, तशीच, कुठूनही आणू, नाव कोरून घेऊ.

"ती तर आणशीलच," काकू म्हणाल्या. "ती आणायचीच हायेत. ते इचारलं नाही मी."

मला वाटत होतं की त्यांनी रडावं किंवा एक थोबाडीत द्यावी, म्हणजे काहीतरी संपेल. त्यांनी लाइफ जॅकेटचा वर सरकलेला गळा हनुवटीखालून नीट केला.

"त्या दिवशी खीर तुम्ही वाढायची," त्या म्हणाल्या. "दोघांनी. नवी ताटं मिळू न मिळू. थर्माकोलमधी नाही. हातावर वाढा, पण त्याच्यामधी नाही. अन् लोक इचारतील ताटं कुठं गेली, तर मी नाही बोलणार, अंबाजी नाही बोलणार. माईक तू घ्यायचा. ती शाल घालून ये."

"हो," अमरदीप म्हणाला.

"अन् माझ्या जावेला फोन तू लावायचा."

"हो."

तेवढ्यात क्लबची मोटरबोट आली. आम्ही अडकलोय हे तिकडून दिसलं होतं. मोटरबोटवाल्याने इंजिन बंद केलं आणि हसत हसत रस्सी फेकली. "क्या अमर भाई, हवा नै? पकडो, खींच को ले जातौं."

रस्सी अमरदीपच्या हातात पडली. त्याने ती दोन्ही हातांनी धरली. इतकी घट्ट त्याने वादळातही कधी धरली नव्हती.

"सोड," काकू म्हणाल्या.

त्याने सोडली. रस्सी काठावरून घसरून पाण्यात गेली.

"अम्मा, हवा नै आती अब," मोटरबोटवाला म्हणाला. "धूप बी बहोत है."

"मालूम," काकू म्हणाल्या. "जाव तुम. हमारी बात चल रई."

त्याने आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं. अमरदीप स्वतःच्या पावलांकडे बघत होता, मी त्याच्या पावलांकडे. मोटरबोटवाल्याने ओली रस्सी गोळा केली, डोक्यावरची टोपी जरा पुढे ओढली, आणि इंजिन सुरू न करता, आवाज होऊ नये म्हणून हातानेच पाणी मारत, आमच्यापासून थोडा लांब जाऊन थांबला.